डोंगरावरचा खटका

तुम्ही मला चारचौघांत भित्री म्हणायचात. लग्न होऊन दवनीवाड्याला आले तेव्हा वैनगंगेचं भरलेलं पात्र पाहून मी नावेत बसायला नाही म्हटलं होतं. ती गोष्ट आल्यागेल्याला रंगवून सांगायचात. मी आत चुलीपाशी बसून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, या माणसाला कशाचीच भीती वाटत नाही, म्हणून दोघांच्या वाट्याची मला एकटीलाच वाहावी लागते.

तुमची तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले. भाऊ कामठ्याला चल म्हणून मागे लागला होता, मी गेले नाही. इथेच आहे, डोंगरावरच्या आपल्या दोन खोल्यांत. तुमच्याशी बोलायचं म्हणून बसले आहे, कारण आपल्यातलं एक भांडण अर्धंच राहिलं आणि ते दुसऱ्या कोणापाशी काढण्यासारखं नाही.

फौजेत तुम्ही वायरलेस चालवायचात हे मला लग्नाआधी सांगितलं होतं. पण त्या कामासाठी मला जंगलातल्या डोंगराच्या माथ्यावर संसार मांडावा लागेल हे कोणी सांगितलं नव्हतं. एका बाजूला गोंदिया, तिथे पाटबंधारे खात्याची कचेरी, जिथे फौजेनंतर तुम्ही लागलात. दुसऱ्या बाजूला मोठा तलाव. मध्ये हा डोंगर. तलावावरून बोललेलं डोंगराला अडायचं, गोंदियाला पोचायचं नाही. खात्याने तुम्हाला इथे पाठवलं ते जागा पाहायला, आणि तुम्ही बिऱ्हाडच आणलंत. एरियलचा खांब उभा राहिला त्या दिवशी मी विचारलं होतं, "इथं कायले राहाचं आपुन? अस्वलं येतेत इथं."

तुम्ही म्हणालात, "इथून दोनी बाजूचं आयकू येते. इथं आयकाचं आन् तिकडे पाठवाचं. मंग डोंगर आडवा येत नाही."

पहिल्यांदा यंत्र जोडलंत तेव्हाचं आठवतं? मी पाण्याने भरलेला पितळी गुंड घेऊन दारात आले आणि आतून असा कर्कश चीत्कार झाला की गुंड माझ्या हातून सुटला. मला वाटलं, तुम्हाला काही झालं. धावत आत आले तर तुम्ही हसत बसलेले. मुद्दामच केलं होतं तुम्ही. ऐकणारं यंत्र आणि पाठवणारं यंत्र एकाच फ्रिक्वेन्सीवर लावून पाहिलंत. पाठवणाऱ्याने पाठवलेलं ऐकणाऱ्याच्याच कानात शिरलं, ते त्याने पुन्हा पाठवलं, पुन्हा शिरलं, आणि यंत्र स्वतःच्याच आवाजाने किंचाळायला लागलं.

"म्हून याले दोन घरं लागतेत," तुम्ही म्हणालात. फ्रिक्वेन्सीला तुम्ही घर म्हणायचात. "पयल्या घरात आयकाचं, दुसऱ्या घरातून बोलाचं. तलाव आन् गोंदिया, दोघंबी पयल्या घरात बोलतीन आन् दुसऱ्या घरात कान लावतीन."

"दोन घरं शेजारी असली तं?"

"नाही जमत. तू बाजारात वरडून राहिली आन् बाजूचा हळू बोलून राहिला, तं तुले आयकू येईल का? दूर पायजेत घरं."

मला ते समजलं. समजल्यावर भीती वाढली, कारण मग तुम्ही लायसनचं सांगितलंत. घर आपल्या मनाने घ्यायचं नसतं. खांब किती उंच, यंत्र किती ताकदीचं, कोणत्या डोंगरावर, चालवणारा कोण, सगळं दिल्लीला कळवायचं. तिथे बसलेले लोक पाहतात की तेच घर फौजेला, पोलिसांना, विमानांना दिलेलं तर नाही. मग ते दोन घरांची जोडी ठरवून देतात आणि हाकेला एक नाव देतात. खात्याने अर्ज केला होता. तलाव आणि गोंदिया या दोघांना एका घराचं लायसन होतंच. आपल्या डोंगराचं यायचं होतं. तुम्हाला मात्र दम निघाला नाही. रोज थोडा वेळ पाठवणाऱ्या यंत्राचा खटका वर करून रहमतभाईंशी बोलून पाहायचात. गोंदियाच्या कचेरीतले रहमतभाई तुमच्यासारखेच हौशी. मी म्हणायचे, "लायसन येऊ द्या ना." तुम्ही म्हणायचात, "कायले भेते? कोन आयकते इथं?"

ऐकलं कोणीतरी. नागपूरहून इन्स्पेक्टर जीप घेऊन आले. ओरडले नाहीत, म्हणून मला जास्त धाक वाटला. शांतपणे खाटेवर बसले आणि म्हणाले, "तुम्ही फौजी माणूस, तुम्हाला मी काय शिकवू? उद्या याच फ्रिक्वेन्सीवर एखादं विमान उतरायची सूचना ऐकत असलं आणि मध्येच तुमचा आवाज घुसला तर? वरची माणसं मरतील. म्हणून कायदा आहे. पुन्हा बिनलायसनचं चालवलंत तर यंत्र जाईल, नोकरी जाईल आणि तुम्ही तुरुंगात जाल." मग त्यांनी खटका खाली ओढून दोरीने बांधला आणि गाठीवर लाख वितळवून सरकारी शिक्का मारला. ऐकणाऱ्या यंत्राला हात लावला नाही. ऐकायला हरकत नाही म्हणाले.

ते गेल्यावर तुम्ही खटक्याला पुन्हा हात लावला नाही. मला वाटलं सुटले. त्यानंतर आकाशात कुठे घरघर झाली की मी अंगणात येऊन वर पाहायची. आपण कोणाचं विमान पाडलं तर नसेल?

आणि मग भादव्यात ते पाणी लागलं. तुम्हाला तलावावरच्या यंत्रावर बसायला बोलावून घेतलं होतं. टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या. नाला असा फुगला होता की तलावाकडचा माणूस खाली जाऊ शकत नव्हता. मी सकाळी चूल पेटवून ऐकणारं यंत्र लावलं, नुसता तुमचा आवाज ऐकावा म्हणून.

"गोंदिया, गोंदिया, तलाव बोलून राहिला."

लगेच मागून रहमतभाई. "तालाब, तालाब, यह गोंदिया है. कुछ सुनाई नहीं देता."

तुम्हाला त्यांचं ऐकू येत नव्हतं, त्यांना तुमचं. दोघांचं ऐकू येत होतं ते फक्त मला. तुम्ही हाक मारत राहिलात, ते मारत राहिले, आणि मी मध्ये बसून दोन्ही ऐकत होते. मधेच तुमच्या मागून डोमाजीबुवांचा आवाज आला. त्यांच्या पूर्वजांनीच तो तलाव बांधलेला, पाळीची, म्हणजे मातीच्या बांधाची, देखरेख अजून त्यांच्याकडे. बुवा ओरडत होते, "मोतीराम, पाळीच्या बुडातून गढूळ पानी येऊन राहिलं रे! माती वाहून राहिली. सांग त्याईले लवकर!"

मग तुम्ही सगळं सांगितलंत, समोर ऐकणारं कोणी नसताना. पाळ संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. ती फुटली तर खालचं खोरं धुऊन जाईल. सांडव्याची बाजू फोडली तर पाळ वाचेल, पण ते पाणी त्या बाजूच्या तीन गावांवर जाईल. गोंदियाकडून रस्ता चालू आहे, ट्रक पाठवा, गावं खाली करा, आणि झाली की कळवा. कळल्याशिवाय मी फोडू देणार नाही. तुम्ही ते पुन्हा सांगितलंत. पुन्हा. तुमचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता. बारीक झाला होता. तेव्हा मला कळलं की तुम्हालाही भीती वाटते.

मग तुम्ही थांबलात आणि माझ्याशी बोललात.

"आयकून राहिली असशील तं आयक. खटक्याले हात लावू नोको. सरकारी शिक्का हाये त्याच्यावर. तुले घेऊन जातीन. लावू नोको म्हंतो ना मी."

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. वीज चमकत होती आणि खांब आपल्या छपरालाच टेकलेला. खटका वर असताना वीज पडली तर काय होतं ते तुम्हीच मला सांगितलं होतं. मी तुरुंग कधी पाहिला नव्हता, पण गोंदियाच्या स्टेशनवर बेड्या घातलेली एक बाई पाहिली होती. लोक तिच्याभोवती गोळा होऊन पाहत होते. ती बाई माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. आणि विमान. ढगात विमान असेल तर ते दिसणारही नाही. तिकडे रहमतभाई म्हणत होते, "मोतीराम, भाई, कुछ तो बोल."

मी विळा घेतला. दोरी ओली होऊन आवळली होती. लाख फुटली, दोरी तुटली आणि विळा तळहातात शिरला. मी खटका वर केला.

यंत्र गुणगुणायला लागलं. तुम्ही पुन्हा "गोंदिया, गोंदिया" म्हणालात, आणि रहमतभाई किंचाळले, "सुनाई दिया! तालाब, सुनाई दिया! बोल!"

त्यांनी ऐकण्याचा काटा दुसऱ्या घरावर नेलेला होता. बराच वेळ ऐकू आलं नाही की ते सवयीने तिकडे पाहायचे. आणि तुम्ही लगेच उत्तर दिलंत. त्यांचा शब्द संपतो न संपतो तोच. "रहमतभाई, लिहून घ्या." त्या घाईत माझ्या ते लक्षात आलं नाही. फार नंतर आलं.

दिवसभर मी बसून होते. बॅटरी उतरायला लागली की पावसात जाऊन पेट्रोलचं इंजिन ओढायचे. ते धक्का मारायचं, हातातून रक्त यायचं, पुन्हा येऊन बसायचे. ट्रक निघाले. पहिलं गाव रिकामं झालं. दुसऱ्या गावात एक म्हातारा बैल सोडून जायला तयार नव्हता, त्याला बैलासकट ट्रकात चढवलं. तुम्ही विचारत होतात, ते सांगत होते, आणि सगळं माझ्या खोलीतून जात होतं. माझा आवाज कुठेच नव्हता. शेवटी रहमतभाई म्हणाले, "तीनों गाँव खाली. काट दो." तुम्ही म्हणालात, "फोडा." मागे कुदळींचे घाव ऐकू आले. मग पाण्याचा असा आवाज झाला की मी कानाला लावलेला हेडफोन काढून ठेवला.

पाळ राहिली. माणसं राहिली. त्या तीन गावांचं धान मात्र गेलं. दोन दिवसांनी तिथले लोक डोंगर चढून आले आणि तुम्हाला शिव्या देऊन गेले. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. त्यातल्याच एका बाईने जाताना वळून मला विचारलं, "बाई, तुया हाताले काय झालं?" मी म्हटलं, भाजी चिरताना लागलं.

इन्स्पेक्टर पुन्हा आले. या वेळी बरोबर शिपाई होता. मी हात पदरात गुंडाळून दाराआड उभी होते.

"शिक्का कोणी तोडला?"

"म्या," तुम्ही म्हणालात.

"यंत्र कोणी लावलं?"

"म्याच साहेब. तलावावर जाताना तार जोडून, खटका वर करून गेलो. हे यंत्र आपल्या आपण चालते. आयकते आन् पाठवते. माणूस लागत नाही त्याले. डोंगरावर कोनी नोव्हतं."

"आणि बॅटरी? एवढा वेळ आपोआप टिकली?"

"दोन जोडल्या होत्या."

त्यांनी दाराकडे पाहिलं. माझ्या पदराकडे पाहिलं. मी हात आणखी आत घेतला. मग त्यांनी तुम्ही सांगितलं तसंच लिहून घेतलं आणि उठले. जाताना मला म्हणाले, "बाई, हाताला हळद लावा."

तुमची नोकरी थांबली. चौकशी लांबत गेली. कोणतीही जीप घाटात घरघरली की मी हातातलं टाकून उभी राहायची. तुम्ही झोपलेले असलात की मी तुमच्याकडे पाहत राहायची, हा माणूस माझ्या वाट्याचं जेल भोगायला जाणार म्हणून. मग गोंदियाच्या साहेबांनी तुमच्यासाठी शब्द टाकला, वरून समज देऊन तुम्हाला परत घेतलं, आणि डोंगराचं लायसनही आलं. दोन घरांची जोडी, हाकेचं नाव, सगळं. तुम्ही खटका वर करून माझ्याकडे पाहून हसलात. मी नाही हसले. मला राग आला होता, आणि कशाचा ते मलाच सांगता येत नव्हतं.

एकदा जेवताना बोलून गेले. "कोनी नोव्हतं काऊन सांगितलं तुमी?"

"तुयं नाव घेतलं असतं तं तुले नेलं असतं त्याईनं."

"ते समजते मले. पन मी होती ना. दिवसभर होती."

तुम्ही घास तसाच ठेवून उठलात. पंधरवड्याने एक दिवस म्हणालात, "तू परीक्षा दे. ऑपरेटरची. मंग लायसनवर तुयं नाव चढवू." मी नाही म्हटलं. साहेबांपुढे माझी बोबडी वळेल म्हटलं. तुम्ही हट्टच धरलात. रोज शिकवायचात, चुकले की ओरडायचात. शेवटी नागपूरला नेलंत. तिथल्या साहेबांनी विचारलं, दोन फ्रिक्वेन्सी कशाला? मी घाबरून बाजारात ओरडणाऱ्या बाईचं सांगितलं. ते हसले आणि पुढचं विचारलं. बाहेर तुम्ही दाराला कान लावून उभे होतात हे मला शिपायाने नंतर सांगितलं.

पास झाले तेव्हा तुम्ही सबंध गोंदियाच्या बाजारात मला फिरवलंत. पण तेव्हाही एक गोष्ट विचारायची राहून गेली. त्या दिवशी तुम्ही मला हात लावू नको म्हणालात. मग रहमतभाईंचं बोलणं डोंगरावरून दुसऱ्या घरात आलं ते तुम्हाला लगेच कसं ऐकू आलं? डोंगराचा खटका बंद असताना तुमचा ऐकण्याचा काटा तर पहिल्या घरावर असायला हवा होता. म्हणजे मला नको सांगून तुम्ही काटा दुसऱ्या घरावर नेऊन ठेवला होता. माझी वाट पाहत होतात. मी ऐकणार नाही हे तुम्हाला माहीत होतं का? की नको म्हणतानाच मी खटका वर करावा असं तुम्हाला वाटत होतं? मी हे कितीदा ओठांवर आणलं. तुम्ही चहा पीत असायचात, खुशीत असायचात, आणि मला वाटायचं, उद्या विचारू. खरं तर भीती वाटायची. तुम्ही हो म्हणालात तर मी रागावेन की रडेन ते मला माहीत नव्हतं.

मग तो ताप आला. जंगलातला, डोक्यात चढणारा. तुम्ही खाटेवर थरथरत "गोंदिया, गोंदिया" म्हणायला लागलात आणि मला ओळखेनात. मी यंत्रापाशी बसले, खटका वर केला आणि पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने हाक मारली. लायसन होतं, माझं नाव त्यावर होतं, कोणी मला काही करू शकत नव्हतं. रहमतभाईंनी विचारलंसुद्धा नाही, जीप पाठवली. डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. चोरून खटका वर केला तेव्हा तीन गावं वाचली होती. हक्काने केला तेव्हा एक माणूस वाचला नाही. हे मी कोणाला सांगू?

खात्याने मला कळवलं, तलावावर तुमच्या जागी नवा ऑपरेटर येतोय, डोंगर मी सांभाळायचा. आज सोमवार, त्याचा पहिला दिवस. सकाळी मी यंत्रासमोर बसले आणि हात पुढे होईना. मला अस्वलाची भीती नव्हती, पोलिसांची नव्हती. तुम्ही ज्या घरातून बोलायचात त्याच घरातून आता दुसरा कोणी बोलणार होता, आणि तो आवाज मला कानाला लावून घ्यायचा होता.

मी खटका वर केला. आवाज आला. वयस्क माणूस, फौजेतून निवृत्त झालेला असं कळलं होतं, बोलण्यावरून तिरोड्याकडचा असावा. गोंदियाला हाक मारली, रहमतभाईंनी उत्तर दिलं, पाण्याची पातळी सांगितली, सगळं रीतसर. मग जरा थांबून तो म्हणाला, "डोंगरावरच्या बाई, आयकून राहिल्या का? मी लढाई पाह्यली, पन इतकं पानी कधी नाही पाह्यलं. पाळीवर उभं राहिलो का पाय कापतेत. कोनाले सांगू नोका."

मी बटण दाबलं.

"माये बी कापतेत," मी म्हटलं. "बोला तुमी. मी दिवसभर हाओ इथं."